टाचणातली दहा मिनिटं

३ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चौदा महिन्यांनी. पाकिटावरच्या अक्षरावरूनच ओळखलं. तुझं अक्षर कागदावर काय नि फळ्यावर काय, उजवीकडे वर चढत जातं. दोन दिवस ते न फोडता टेबलावर ठेवलं होतं. आईने विचारलं, "कोणाचं गं?" म्हटलं, विम्याचं.

मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तरी तुला नावाने हाक न मारता वहिनी म्हणते, याचं तुला लग्न झाल्या झाल्या फार अप्रूप होतं. 'ताई मला किती मान देतात,' असं तू शेजारी सांगायचीस. मान कसला गं. नावाने हाक मारली की माणूस जवळचं होऊन बसतं, एवढंच.

असो. कामाचं बोलू. तू लिहितेस की तिकडच्या संस्थेत इंग्रजी शिकवायला तुझी निवड झाली आहे, फक्त त्यांना आधीच्या नोकरीतला शेवटचा निरीक्षण-अहवाल हवा आहे. आणि आमच्या (तेव्हा आपल्या) संस्थेतल्या त्या अहवालावर 'असमाधानकारक' असा शेरा आहे. महिनाअखेरपर्यंत तो निघाला नाही तर जागा दुसऱ्या कोणाला जाईल. पुढे तुझी ती ओळ: 'ताई, त्या दिवशीच्या पाठाचं टाचण तुम्ही टाइप केलं होतंत. निरीक्षकांच्या हातातलं टाचण आणि माझं टाचण एक नव्हतं, एवढं दोन ओळींत लिहून द्याल का?'

दोन ओळी. तुला सगळंच दोन ओळींत जमतं.

मला आठवतंय ते असं. टाचण टाइप करून, दोन प्रती, निरीक्षणाच्या आदल्या दिवशी चार वाजेपर्यंत ऑफिसात, असा नियम. छोटीला ताप होता म्हणून तू घरी गेलीस आणि जाता जाता हाताने लिहिलेला कागद माझ्या पुढ्यात ठेवून म्हणालीस, "ताई, तेवढं टाइप करून द्याल?" मी केलं. जसं होतं तसं केलं. थोडं नीटनेटकं केलं असेल. माझी सवय तुला ठाऊक आहे, रकाना वाकडा दिसला की माझा हात शिवशिवतो. त्यापलीकडे चौदा महिन्यांपूर्वीच्या कागदात काय होतं आणि काय नव्हतं हे मी छातीठोकपणे कसं सांगणार?

शिवाय ज्या पदासाठी आपण दोघी उभ्या होतो ते मला मिळालं. आता मी अभ्यासक्रम-प्रमुख आहे. मी असं काही लिहून दिलं तर लोक काय म्हणतील, याचा तूही जरा विचार कर.

गुंड्याने तुझ्या पत्रात एक ओळ घातलेली नाही. चार बोटं जागा शिल्लक होती खाली. सख्ख्या बहिणीला लिहायला एवढी पुरली असती.

विचार करते.

ताई


११ ऑगस्ट

वहिनी,

तुझं उत्तर आलं. 'घाई नाही ताई, पण एकतीस तारीख लक्षात असू द्या.' घाई नाही म्हणायचं आणि तारीखही टाकायची! बरं जमतं तुला.

इथलं सांगते. आपण दोघींनी मिळून बांधलेला चोवीस पाठांचा अभ्यासक्रम आता तीन केंद्रांत चालतो. मुखपृष्ठावर माझं नाव आहे. चोवीसपैकी अकरा तुझे होते, हे मी विसरलेले नाही. तुझ्या अकरांचंच लोक कौतुक करतात, त्यामुळे विसरायची सोय नाही. डॉक्टरांना दुखणं सांगण्याचा पाठ, घरमालकाशी भांडण्याचा पाठ, फोनवर पलीकडचा माणूस भराभर बोलतो तेव्हा काय करायचं तो पाठ. माझे पाठ चालतात. तुझे गाजतात.

सकाळी सातचा वर्ग अजून माझ्याकडे आहे. नर्स, दोन ट्रकचालक, बँकेतला तो जांभया देणारा कारकून आणि आपले शिंपीकाका. ते पुढच्या पायरीच्या वर्गात आलेत. पहिल्या दिवशी आपण फॉर्म भरून घेतो ना, इंग्रजी कशासाठी हवी म्हणून, त्यावर त्यांनी पुन्हा तेच लिहिलं: 'हॉटेलच्या परदेशी मॅनेजरला सांगायचे आहे की माझ्या मापात चूक नाही.' दोन वर्षं झाली, भांडण काही मिटलेलं नाही.

परवा वर्ग सुटल्यावर ते फळ्यापाशी थांबले. म्हणाले, "बाई, छोट्या बाई परत येणार नाहीत का?"

म्हटलं, "त्या गाव सोडून गेल्या."

"अरेरे." मग पिशवी उचलत, "त्यांच्या तासाला मजा यायची."

समोर मी उभी. हातात खडू. माझ्यासमोर! नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हसले.

आता लिहायला बसलेच आहे तर लिहून टाकते. माझा घसा बसला होता तेव्हा तीन आठवडे हा वर्ग तू घेतलास. त्या दिवसांत एकदा मी हजेरीपट न्यायला आले होते. दाराच्या काचेतून आत पाहिलं. हे शिंपीकाका माझ्याकडे चार महिने मुक्यासारखे बसले होते. मी जोडीने बोलायला लावलं, गटाने बोलायला लावलं, कार्डं दिली, चित्रं दिली. त्यांची मान खाली. आणि त्या दिवशी ते उभे राहून इंग्रजीत बोलत होते. मोडकं-तोडकं, पण थांबत नव्हते. टेप हवेत ताणून दाखवत होते, तो मॅनेजर पोट आत ओढून कसा माप देतो त्याची नक्कल करत होते, वर्ग हसून लोळत होता. आणि तू काय करत होतीस? टेबलाच्या कडेवर बसली होतीस, पाय हलवत. काहीच करत नव्हतीस.

नंतर मी तुला विचारलं होतं, हे कसं केलंस. तू म्हणालीस, "काही नाही हो ताई. विचारलं, आज सकाळी कोणाचा राग आला? आणि गप्प बसले."

माझ्या पोटात तेव्हापासून दुखतंय. आईला तू केलेला चहा आवडायचा, ते मी सोसलं. गुंड्या लग्नाआधी पगाराच्या दिवशी पहिला फोन मला करायचा, नंतर तुला करायला लागला, तेही रीतच म्हणून सोसलं. पण वर्ग माझा होता. अठरा वर्षं मी मिनिटामिनिटाचं टाचण करते. पाच मिनिटं उजळणी, आठ मिनिटं नवीन शब्द, सात मिनिटं सराव, आणि उजवीकडचा तो रकाना, 'अपेक्षित अडचणी', तो मी सगळ्यांत आधी भरते. कोण कुठे अडखळेल हे मला आदल्या दिवशीच कळलेलं असतं. आणि तू येऊन दहा मिनिटं मोकळी सोडतेस आणि लोक बोलायला लागतात.

मागच्या आठवड्यात मी ते करून पाहिलं. कोणाला सांगू नकोस. पंचविसाव्या मिनिटाला मी खडू ठेवला, टेबलाच्या कडेवर बसले (टेबल करकरलं), आणि विचारलं, आज कोणाचा राग आला? सगळे गप्प. मी पुन्हा विचारलं. मग सोपं करून विचारलं. मग म्हटलं, समजा शेजाऱ्याचा आला असेल, तर आपण असं असं म्हणू. शेवटी शिंपीकाकांनी हात वर केला. म्हणाले, "यू, मॅडम."

"मी? व्हाय?"

"यू आस्क. देन यू आन्सर."

वर्ग हसला. मीही हसले. मग सहा मिनिटं उरली होती, ती उजळणीत घातली.

आणि हो, त्या टाचणाचं. मला वाटतं, काय झालं असेल ते आता लक्षात येतंय. मी नेहमी जुन्याच एखाद्या टाचणाच्या फाइलवर नवीन टाइप करते, रकाने आयते मिळतात म्हणून. तेव्हा त्यातला जुना मजकूर एखाद्या ओळीत तसाच राहून गेला असेल. असू शकतं. मी नक्की सांगत नाही. पण असू शकतं.

ताई


१८ ऑगस्ट

वहिनी,

काल मी संस्थेच्या मोठ्या बाईंकडे जाऊन तुझा अहवाल काढायला लावला. म्हणजे बघ, मी काहीच करत नाही असं नाही.

तू तो कधी नीट वाचलास का? निरीक्षकांनी लिहिलं आहे: 'पंचवीस ते पस्तीस मिनिटे: टाचणात चित्रकार्डांवर जोडीने सराव. प्रत्यक्षात शिक्षिकेने कार्डे आणली नाहीत, टेबलावर बसून गप्पा मारल्या. स्वतःचेच टाचण पाळलेले नाही. वेळेचे नियोजन नाही.' तो माणूस दहा मिनिटं कार्डांची वाट बघत बसला होता. आणि त्याच दहा मिनिटांत तुझ्या वर्गातली ती कधी तोंड न उघडणारी स्वयंपाकीण काय काय बोलली, ते त्याने लिहिलेलंच नाही, कारण टाचणात ते कुठे बसत नव्हतं.

मग मी पान उलटलं. मागे एक चौकट असते, 'शिक्षकाचे म्हणणे'. बहुतेक लोक ती कोरी सोडतात. तुझं अक्षर, उजवीकडे चढत गेलेलं:

'टाचण माझेच आहे. त्यात जे आहे आणि नाही त्याची जबाबदारी माझी. टाइप करणाऱ्या व्यक्तीस बोल लावू नये.'

मला हे माहीतच नव्हतं. एवढे दिवस मी समजत होते की तू तिथे माझं नाव घेतलंस, म्हणूनच त्या शेऱ्यावरून तुझी नोकरी गेल्यावर, तुम्ही सामान हलवल्यावर, गुंड्याने मला तो एकच फोन केला आणि विचारलं, "ताई, तू मुद्दाम केलंस का?" मी उत्तर न देता फोन ठेवला, आणि त्यानंतर त्याने केला नाही. तूच त्याचे कान भरलेस असं मी धरून चालले होते. चौदा महिने मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते. आणि तू तर माझ्यावर पांघरूण घातलं होतंस.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मी विचारलं होतं तिला, हे कार्डांचं काय? तर म्हणाली, ताईंनी प्रेमाने टाइप करून दिलंय, त्यांना यात ओढू नका."

प्रेमाने.

तुला वाटत असेल हे वाचून मला भरून आलं. नाही आलं. माझा जळफळाट झाला. शिकवण्यात पुढे, घरात पुढे, आता चांगुलपणातही तूच पुढे! मला कुठेतरी उभं राहायला पाऊलभर जागा ठेवशील की नाही? तू जरा आदळआपट केली असतीस, ऑफिसात जाऊन 'नणंदेने माझा घात केला' असं ओरडली असतीस, तर मला किती बरं वाटलं असतं. मग आपण दोघी सारख्या झालो असतो.

बाईंनी मार्ग सांगितला. मी लिहून द्यायचं की टाइप करताना जुन्या टाचणाचा मजकूर नजरचुकीने राहून गेला. तांत्रिक चूक. मग शेरा रद्द करता येतो, तुलाही काही लागत नाही, मलाही नाही.

मी म्हटलं, तसंच झालं असणार.

ताई


२१ ऑगस्ट

वहिनी,

सोबत प्रत जोडली आहे. 'नजरचुकीने' हा शब्द तिसऱ्या ओळीत आहे. खाली माझी सही, बाजूला मोठ्या बाईंची, शिक्का. शेरा रद्द झाल्याचं पत्र संस्था परस्पर तिकडे पाठवते आहे. तारखेच्या दहा दिवस आधी.

दोन ओळी मागितल्या होत्यास, पाच झाल्या.

माझ्या पदाला काही झालेलं नाही. उलट बाई म्हणाल्या, चूक कबूल करायला मोठं मन लागतं. शिक्षकखोलीत दोघांनी माझ्याशी हात मिळवला.

छोटीला आता 'र' म्हणता येतो का?

ताई


९ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र आलं, त्याच दिवशी गुंड्याचा फोनही आला.

तुझं पत्र आधी. नोकरी लागली, वर्ग मिळाले, पहिल्याच दिवशी कोणीतरी तुला टेबलाच्या कडेवर बसलेलं पाहून हसलं, सगळं वाचलं. 'ताई, मला खात्रीच होती की ती नजरचूक असणार. तुम्ही मुद्दाम कशाला कराल? मी यांना पहिल्या दिवसापासून सांगत होते.' आणि शेवटी: 'येत्या शनिवारी याच. छोटी विचारते, आत्या कधी येणार. आईंनाही आणा.'

मग फोन. गुंड्याचा आवाज चौदा महिन्यांनी. आधी नुसताच "ताई" म्हणाला. मग म्हणाला, "माझं चुकलं गं. मी तुझ्यावर नको तो संशय घेतला. तुला एवढा त्रास झाला असेल, आणि मी एक फोन केला नाही. माफ कर." रडत होता वहिनी. लहानपणी सायकलवरून पडला की रडायचा तसा, नाक ओढत.

मी म्हटलं, "जाऊ दे रे. झालं गेलं." किती मोठेपणाने म्हटलं! आई बाजूला उभी होती, तिने डोळे पुसले. चौदा महिन्यांत घर पहिल्यांदा हलकं झालं.

आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

अठरा तारखेच्या पत्रात मी मोठ्या बाईंकडचं अर्धंच लिहिलं. मी त्यांना विचारलं होतं, "आणि समजा नजरचूक नसेल तर?" त्यांनी फाइल मिटली. म्हणाल्या, "मग चौकशी बसेल. प्रमुखाने सहकाऱ्याचं टाचण बदललं म्हटल्यावर प्रमुखपद कसं राहील? पण नजरचूकच असणार. हो ना?" मी हो म्हटलं. जुन्या फाइलचा तो मजकूर मी तुझ्या पत्रासाठी आधीच रचून ठेवला होता. बाईंपुढे नुसता वाचून दाखवला.

आता खरं सांगते. शिक्षकखोलीत दुपारी तीन वाजता मी एकटी होते. तुझा कागद डावीकडे. एकेक ओळ टाइप करत गेले. छान होतं टाचण. नेमकं, उगीच पसारा नाही. मग पंचवीस ते पस्तीस मिनिटांची ओळ आली. शिक्षक काय करतील, त्या रकान्यात तू लिहिलं होतंस: 'बघू.' विद्यार्थी काय करतील: 'बोलतील.' अडचणी: काही नाही. नुसती रेघ.

अठरा वर्षांत त्या रकान्यात मी एकदाही रेघ मारलेली नाही.

आणि मला माहीत होतं की ते बोलतील. तेच तर मला सोसवलं नाही. चुकीचं टाचण असतं तर मी तसंच टाइप करून दिलं असतं आणि खुशाल घरी जाऊन झोपले असते. तुझं चालणार होतं. निरीक्षक बघणार होता की ही बाई काही न करता लोकांना बोलतं करते, आणि प्रमुखपद तुला देणार होता, आणि ते बरोबरच झालं असतं.

मी टाइप केलं: 'सहा चित्रकार्डे. जोडीने प्रश्नोत्तरे. शेवटी तीन मिनिटे उजळणी.' साहित्याच्या रकान्यात 'कार्डांचे सहा संच' असंही घातलं, म्हणजे नसतील तर लगेच दिसावं. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, वहिनीची मोकळी जागा ताईने झाकून घेतली. मी स्वतःलाही तेच सांगत होते, बरं का, टाइप करताना. म्हणून फोन हातात घेतला. तुला सांगून टाकावं, निरीक्षकांना 'बघू' चालायचं नाही, मी असं असं घातलंय, कार्डं कपाटात आहेत. नंबर लावला. दोन वेळा वाजला. आणि मी ठेवून दिला.

पाच मिनिटांनी तूच फोन केलास. "ताई, फोन केला होतात?"

मी म्हटलं, "छोटीचा ताप कसा आहे विचारायला."

तू म्हणालीस, "किती काळजी करता हो."

तो फोन ठेवला आणि दोन्ही प्रती मी स्वतः जिना उतरून ऑफिसात दिल्या. चारला दहा कमी होते. वेळ होता अजून. परत तुला फोन करायला दहा मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी तू वर्गात गेलीस तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. भिंतीतून हसणं ऐकू येत होतं. तेही कानात बोटं घालून ऐकलं मी.

ही नजरचूक नाही. मुद्दाम केलं. कारण विचारशील तर एकच आहे, मत्सर, आणि तो अजून गेलेला नाही. तुझं नोकरी लागल्याचं पत्र वाचताना पहिलं काय वाटलं सांगू? तिथल्या टेबलाची कड तुटावी असं वाटलं. ही मी आहे. शनिवारी जेवायला बोलावलं आहेस ती ही बाई.

सोबत तुझा हाताने लिहिलेला मूळ कागद पाठवते आहे. इतके दिवस तो माझ्या खणात होता. फेकायला हवा होता, फेकवला नाही. मधून मधून काढून वाचायचे. आता तो तुझ्याकडे असू दे. ऑफिसातल्या फाइलमध्ये अजून 'नजरचूक' आहे. तिथे जाऊन ते खोडायचं धाडस मला झालेलं नाही, खोटं कशाला सांगू, खुर्ची सुटत नाही. पण हा कागद आणि हे पत्र तू मोठ्या बाईंना पाठवलंस तर त्यांना दोन्ही एकत्र ठेवून बघायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. तुला हवं ते कर. आणि हे मी तुझ्या चांगुलपणाच्या भरवशावर करते आहे असं समजू नकोस. तू माफ करशील याची मला खरंच भीती वाटते. या वेळी तरी करू नकोस. एकदा तरी माझ्यावर चीड, भांडी आपट, मला 'ताई' म्हणू नकोस.

शनिवारचं तिकीट काढलेलं नाही. आईला सांगितलं आहे की अजून नक्की नाही. तिने काल दोनदा विचारलं, आणि छोटीसाठी काय न्यायचं त्याची यादी करून ठेवली आहे. तिला काय सांगायचं ते तुमचं उत्तर आल्यावर ठरवीन.

हे पत्र आधी गुंड्याला वाचायला दे. मी फोनवर त्याला सांगू शकत नाही. तो पुन्हा 'ताई' म्हणाला तर मी पुन्हा 'जाऊ दे रे' म्हणेन, इतकी मी स्वतःला ओळखते. त्याचा संशय बरोबर होता. चौदा महिने तो बरोबर होता आणि परवा तो माझ्याशी फोनवर रडला. त्याने मागितलेली माफी मी घेऊन ठेवली आहे. ती माझी नाही. त्याला परत दे.

ताई